रॉबर्ट वील : एडिंबरो १९८६ ते दिल्ली २०१०

शिशिर_रा

दिल्लीत २०१० साली झालेल्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचा विषय निघाला की आपल्याकडे आयोजनातल्या गैरव्यवहारांची चर्चा होते, नाहीतर भारताने मिळवलेल्या १०१ पदकांची. त्याच स्पर्धेत जवाहरलाल नेहरू क्रीडासंकुलात आखलेल्या हिरवळीवर वेल्सच्या रॉबर्ट वील यांनी लॉन बोल्सच्या पुरुष एकेरीचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्यांचे वय ४७ होते. (आपल्या वृत्तपत्रांत हा खेळ 'लॉन बॉल्स' असा छापला जातो, मूळ उच्चाराला 'बोल्स' जवळचे आहे, म्हणून मी तेच लिहितो आहे. हिरवळीवर मोठे चेंडू घरंगळवत एका छोट्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ नेण्याचा हा खेळ.) आपल्या देशात घडलेली ही कामगिरी मराठीत कुणी सविस्तर लिहिलेली माझ्या वाचनात आली नाही, म्हणून हा धागा.

वील यांचे पहिले राष्ट्रकुल सुवर्ण १९८६ सालचे, एडिंबरोचे. ते चौकडी या प्रकारातले होते आणि हाफॉड थॉमस, जिम मॉर्गन व विल थॉमस हे त्यांचे सोबती होते. तेव्हा वील २३ वर्षांचे होते. पहिल्या सुवर्णापासून दिल्लीच्या सुवर्णापर्यंत २४ वर्षे गेली. या काळाची लांबी मला एका वेगळ्याच गोष्टीवरून उमगली. दिल्लीत वेल्सला दोनच सुवर्णपदके मिळाली. एक वील यांचे आणि दुसरे ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत डाय ग्रीन याचे. ग्रीनचा जन्म एप्रिल १९८६ चा आहे. म्हणजे वील एडिंबरोत पहिले सुवर्ण गळ्यात घालत होते तेव्हा हा धावपटू पाळण्यात होता, आणि पुढे दोघेही एकाच संघातून दिल्लीला आले.

या दोन टोकांच्या मध्ये २००० सालचे जागतिक इनडोअर एकेरी विजेतेपद आहे, २००६ साली मेलबर्नला मिळालेले एकेरीचे रौप्यपदक आहे आणि अन्य राष्ट्रकुल पदकेही आहेत. वेल्सच्या पूर्व सीमेवर, लग नदीच्या काठी प्रेस्टीन नावाचे जेमतेम तीन हजारांच्या आतल्या वस्तीचे गाव आहे. मेंढपाळ आणि शेतकऱ्यांच्या त्या मुलखातल्या क्लबशी वील यांचे नाव जोडलेले आहे.

माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. 'हा खेळ म्हाताऱ्यांचा, त्यामुळे ४७ व्या वर्षी जिंकण्यात नवल ते काय', असा शेरा मी अनेकदा ऐकला आहे आणि तो मला पूर्ण चुकीचा वाटतो. वील तीन अगदी भिन्न पृष्ठभागांवर जिंकले आहेत : स्कॉटलंडची संथ हिरवळ, बंदिस्त सभागृहातला गालिचा आणि दिल्लीची हिरवळ. ते संघात जिंकले आणि एकट्याने खेळूनही जिंकले. त्यांच्या कारकिर्दीच्या काळात एकेरीची गुणपद्धतही बदलली. प्रत्येक बदलाबरोबर हाताची सवय मोडून ती पुन्हा घडवावी लागते आणि वाढत्या वयात हे काम अवघडच होत जाते. जाणकारांनी यात भर घालावी.


केतकी_कार्डिफ

शिशिर, धागा वाचून फार आनंद झाला. मी अकरा वर्षांपासून कार्डिफमध्ये राहते आणि गेली चार वर्षे इथल्या एका छोट्या क्लबात हा खेळ शिकते आहे, त्यामुळे पृष्ठभागांबद्दल तुम्ही जे लिहिले आहे ते मी हाताने अनुभवले आहे. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे मुळापासून लिहिते.

ग्रीन म्हणजे खेळाची सपाट, चौरस हिरवळ. खेळाच्या दिशेने तिची लांबी साधारण ३१ ते ४० मीटर असते आणि कडेने चर खणलेला असतो. या हिरवळीचे शेजारी-शेजारी पट्टे पाडतात, त्यांना रिंक म्हणतात. आधी जॅक नावाचा छोटा पांढरा किंवा पिवळा चेंडू सोडतात आणि मग प्रत्येकाने आपले मोठे चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे असतात. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या चेंडूपेक्षा तुमचे जितके चेंडू जॅकजवळ असतील तितके गुण. अशी एक फेरी म्हणजे एक एंड.

हे ऐकायला सोपे वाटते. अडचण अशी की मोठा चेंडू पूर्ण गोल नसतो. त्याची एक बाजू किंचित वेगळ्या वळणाने घडवलेली असते, त्यामुळे तो सरळ जातच नाही. या कलाला बायस म्हणतात. पूर्वी हे चेंडू लिग्नम व्हिटी नावाच्या अतिशय जड लाकडाचे करत. आता ते कठीण प्लास्टिकचे असतात आणि वजन जास्तीत जास्त १.५९ किलो. चेंडू वेगात असतो तोवर जवळपास सरळ जातो आणि वेग ओसरू लागला की वळायला लागतो. सगळ्यांत जास्त वळण शेवटच्या दोन-तीन मीटरांत असते. म्हणून नेम जॅकवर धरायचा नसतो. जॅकपासून बराच बाजूला, हिरवळीवरच्या एका मोकळ्या जागेवर नजर ठेवून चेंडू सोडायचा असतो. चेंडूच्या दोन्ही बाजूंना वर्तुळे कोरलेली असतात आणि लहान वर्तुळाची बाजू वळणाच्या आतल्या अंगाला हवी. पहिल्याच महिन्यात मी चेंडू उलटा धरून सोडला आणि तो शेजारच्या रिंकमध्ये, चाललेल्या सामन्याच्या मधोमध जाऊन थांबला. तिथले सत्तरीचे गृहस्थ शांतपणे तो उचलून माझ्याकडे घेऊन आले आणि त्यांनी माझा अंगठा कुठे असायला हवा ते दाखवले. तो अंगठा अजून तिथेच असतो.

आता वेगाबद्दल. ग्रीनचा वेग सेकंदांत मोजतात : हातातून सुटलेला चेंडू सुमारे २७ मीटरवर जाऊन थांबायला किती सेकंद घेतो. ब्रिटनमधल्या बहुतेक हिरवळी १० ते १२ सेकंदांच्या असतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये १५ किंवा त्याहून अधिक. नवख्या माणसाला हे उलटे वाटते, कारण जास्त सेकंदांच्या ग्रीनला 'वेगवान' म्हणतात. कारण असे की गवताचा अडथळा कमी असला की चेंडू अगदी हलक्या हाताने सोडावा लागतो आणि तो हळूहळू, दीर्घकाळ घरंगळत राहतो. जितका वेळ तो घरंगळतो तितका वेळ बायस काम करत राहतो, म्हणून वळणही कितीतरी रुंद होते. संथ ग्रीनवर पोसलेला हात वेगवान ग्रीनवर आला की पहिले अनेक चेंडू जॅक ओलांडून थेट चरात जातात. एखाद्या उन्हाळ्यात चार कोरडे आठवडे गेले तरी आमच्या क्लबातले अनुभवी लोक बिचकतात. मग एडिंबरो आणि दिल्ली यांत एकाच माणसाने जिंकण्यासाठी काय लागले असेल, याचा विचार करा.


अनंत_गो

दोन्ही लेखन उत्तम. तरी एक शंका मांडतो, कारण कौतुक करताना हिशेब चोख असावा. १९८६ ची एडिंबरोची स्पर्धा बहिष्काराची होती. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीशी क्रीडासंबंध तोडण्याबाबत थॅचर सरकारने घेतलेल्या भूमिकेच्या निषेधार्थ भारतासह ३२ देशांनी त्या स्पर्धेवर बहिष्कार घातला होता आणि तो योग्यच होता असे माझे मत आहे. निम्म्याहून अधिक देश आलेच नसताना मिळालेल्या सुवर्णाचे वजन आपण २०१० च्या सुवर्णाइतके धरावे का?

दुसरे असे की दीर्घ कारकिर्दीचाच मुद्दा असेल तर इंग्लंडच्या डेव्हिड ब्रायंट यांचे नाव आधी यायला हवे. त्यांनी १९६२, १९७०, १९७४ आणि १९७८ अशी चार राष्ट्रकुल एकेरी सुवर्णपदके जिंकली.


शिशिर_रा

अनंतराव, शंका रास्त आहे. बहिष्कारामुळे ती स्पर्धा दुबळी झाली, हे बहुतेक खेळांबाबत, विशेषतः ॲथलेटिक्स आणि मुष्टियुद्धाबाबत, खरे आहे. लॉन बोल्सचा नकाशा मात्र वेगळा आहे. त्या काळी या खेळातली मोठी नावे इंग्लंड, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडा ही होती आणि ती सगळी एडिंबरोत हजर होती. बहिष्कार घातलेल्यांत या खेळाची चांगली परंपरा असलेला झिंबाब्वेसारखा देश होता, तेवढे उणे धरायला माझी हरकत नाही.

खरी उणीव होती ती दक्षिण आफ्रिकेची आणि ती बहिष्कारामुळे नव्हती. तो देश १९६१ सालीच राष्ट्रकुलाबाहेर गेला होता. १९७६ साली जोहान्सबर्गला झालेल्या जागतिक स्पर्धेत पुरुषांची सर्व सुवर्णपदके त्यांनीच जिंकली होती, म्हणजे ते किती बलवान होते ते दिसते. त्यांना बाहेर ठेवणे न्याय्यच होते, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. १९९४ पासून ते राष्ट्रकुल स्पर्धेत परतले. त्यामुळे तुमचा मुद्दा मान्य करून मी असे म्हणेन की दिल्लीचे सुवर्ण अधिक भरलेल्या मैदानातून आलेले आहे. तिथे अंतिम फेरीत वील यांनी ऑस्ट्रेलियाच्या लीफ सेल्बीला हरवले आणि तोच सेल्बी दोन वर्षांनी, २०१२ साली, जागतिक एकेरी विजेता झाला. म्हणजे समोरचा खेळाडू उतरणीला लागलेला नव्हता, तो आपल्या सर्वोत्तम काळाकडे चालला होता.

ब्रायंट यांच्याशी तुलना मी करणार नाही. त्या उंचीवर दुसरे नाव ठेवणे कठीण आहे. १९६२ आणि १९७० च्या मध्ये त्यांचे पदक नाही याचे कारणही असे की १९६६ च्या किंग्स्टनच्या स्पर्धेत लॉन बोल्स नव्हतेच. १९३० पासून हा खेळ वगळला गेलेली ती एकमेव राष्ट्रकुल स्पर्धा. माझा धागा सर्वश्रेष्ठ कोण हे ठरवण्यासाठी नाही. एकाच खेळाडूने दोन वेगळ्या प्रकारांत, वयाच्या दोन वेगळ्या टप्प्यांवर सर्वोच्च पदक मिळवावे, ही गोष्ट मला समजून घ्यायची आहे.


विदुला_पा

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. खेळातले मला फारसे कळत नाही, पण गवताबद्दल सांगू शकेन आणि केतकीताईंनी लिहिलेल्या वेगाच्या फरकाचे बरेचसे मूळ गवतातच आहे.

ब्रिटनच्या हिरवळींवर प्रामुख्याने बेंट आणि फेस्क्यू या थंड हवेच्या गवतांची लागवड असते. त्यांची पाती मऊ असतात, हवा दमट असते, सकाळी दव असते आणि जमीन क्वचितच पूर्ण कोरडी होते; हे सगळे चेंडूला धरून ठेवते. उष्ण हवेच्या देशांत ही गवते उन्हाळ्यात तग धरत नाहीत. तिथे बर्म्युडा गवताची वाणे वापरतात आणि बर्म्युडा गवत म्हणजे सायनोडॉन डॅक्टिलॉन, म्हणजेच आपली दूर्वा. शेतकरी जिला हरळी म्हणतात, जी एकदा शेतात शिरली की नांगराच्या फाळालाही दाद देत नाही, तीच ही. हिरवळीसाठी तिचा आफ्रिकेतल्या एका जवळच्या जातीशी संकर करून बुटकी, बारीक पात्यांची वाणे तयार केलेली आहेत. ती काही मिलिमीटरांपर्यंत कापली तरी जिवंत राहतात आणि दाट, ताठ, कोरडा पृष्ठभाग देतात. त्यावर चेंडू घरंगळत जाणार नाही तर काय होईल?

थंड, ओलसर गवतावर बालपणापासून खेळलेला माणूस पन्नाशीच्या उंबरठ्यावर उष्ण देशातल्या हिरवळीवर येऊन तिचा स्वभाव ओळखतो, याचे मला फार अप्रूप वाटले. यापुढे वर्गात हरळी शिकवताना मी वील यांचे उदाहरण देणार आहे.


मृणाल_दे

मी २०१० साली दिल्लीत शिकत होते आणि एका दुपारी हा खेळ पाहायला गेले होते. मी पाहिला तो सामना महिलांचा होता, वील यांचा अंतिम सामना पाहण्याचे भाग्य मला मिळाले नाही. ऑक्टोबर असूनही ऊन चांगलेच होते. सगळ्यांत जास्त आठवते ती शांतता. चेंडू हातातून सुटल्यावर थांबेपर्यंत खेळाडू त्याच्यामागे चालत जात, हाताने खुणा करत, काही जणी अर्ध्यात थांबून नुसत्या पाहत राहत. एकदा दोन चेंडू जॅकपासून इतक्या सारख्या अंतरावर होते की पंचांनी गुडघ्यावर बसून मोजपट्टीने मापले आणि तोवर साऱ्या स्टँडमध्ये कुणी हालले नाही. माझ्या शेजारच्या काकांना नियम ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. तासाभराने आम्ही दोघेही कुणाचा चेंडू जवळचा यावर पैज लावण्याइतके समरस झालो होतो.

एक गोष्ट मात्र तेव्हा कळली नव्हती. चरात गेलेल्या काही चेंडूंना बाद धरत होते आणि काहींना धरत नव्हते. असे का?


केतकी_कार्डिफ

मृणाल, जो चेंडू जॅकला स्पर्श करून जातो त्याला टचर म्हणतात आणि त्यावर खडूची खूण करतात. तो नंतर चरात पडला तरी खेळात राहतो. न शिवता चरात गेलेला चेंडू मात्र बाद. म्हणून कुशल खेळाडू कधी कधी जॅकलाच हलके ढकलत आपल्या मागे पडलेल्या चेंडूंकडे नेतात.

चौकडी आणि एकेरी यांतला फरकही इथेच सांगते, कारण शिशिर यांच्या मुद्द्याशी तो थेट जोडलेला आहे. चौकडीत प्रत्येकाकडे दोनच चेंडू असतात. पहिला खेळाडू, म्हणजे लीड, मॅट (ज्यावरून चेंडू सोडतात ती छोटी चटई) ठेवतो, जॅक सोडतो आणि जॅकजवळ चेंडू लावून पाया घालतो. दुसरा ती मांडणी भक्कम करतो, तिसरा गरज पडली तर मोडतोड करतो आणि मोजमापाची बोलणी करतो. चौथा म्हणजे स्किप. तो पूर्ण वेळ पलीकडच्या टोकाला उभा राहून बाकीच्यांना सांगत असतो : या बाजूने ये, एवढे अंतर सोड, त्या चेंडूला धक्का दे. शेवटी तो स्वतः खेळतो. चौकडीत तुमच्या डोळ्यांना आणखी तीन जोड्या डोळ्यांची साथ असते.

एकेरीत चार चेंडू तुमचे, चार समोरच्याचे, आणि पलीकडे एक तटस्थ मार्कर. तो विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतो, सल्ला देत नाही. मॅटवरून पाहताना जॅकच्या मागे नेमके किती अंतर आहे ते दिसत नाही, त्यामुळे सगळा आराखडा स्वतःच्या डोक्यात ठेवावा लागतो. संघात वाढलेले खेळाडू एकेरीत पुष्कळदा बुजतात, आणि एकेरीच्या उत्तम खेळाडूंना दुसऱ्याच्या सूचनेप्रमाणे खेळणे जड जाते. वील यांना दोन्ही जमले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत दुर्मीळ गोष्ट हीच आहे, वय त्यानंतर येते.


अनंत_गो

शिशिर, १९८६ बाबतचे तुमचे उत्तर पटले. आता एक साधी चौकशी. गुणपद्धत बदलली असे तुम्ही लिहिलेत, ते जरा उलगडून सांगाल का? मेलबर्नच्या अंतिम सामन्याशी त्याचा संबंध आहे असे कुठेतरी वाचल्याचे आठवते.


शिशिर_रा

संबंध आहे. जुन्या पद्धतीत एकेरीचा सामना २१ गुणांपर्यंत चाले. जो आधी २१ ला पोहोचला तो जिंकला. त्यात पिछाडीवर असलेल्या खेळाडूला सावकाश, एकेक गुण जोडत परत येता येई, आणि एखाद्या एंडमध्ये चार गुण गमावले तर ते ओझे शेवटपर्यंत अंगावर राही. नंतर आलेल्या सेट पद्धतीत नऊ एंडचे दोन सेट खेळतात. एक सेट मोठ्या फरकाने हरलात काय किंवा एका गुणाने हरलात काय, हिशेब सारखाच. दोघांनी एकेक सेट घेतला तर तीन एंडचा निर्णायक टप्पा असतो आणि त्यातले दोन एंड जो घेईल तो विजेता.

मेलबर्नला २००६ साली वील आणि यजमान देशाचा केल्व्हिन करकाव यांच्यातला अंतिम सामना या टप्प्यापर्यंत गेला आणि करकाव जिंकला. इतक्या वेळच्या झुंजीनंतर सारे काही तीन एंडवर येऊन ठेपते, म्हणजे प्रत्येकी बारा चेंडूंवर. तेव्हा वील ४२ वर्षांचे होते. परक्या देशात, यजमानाच्या प्रेक्षकांपुढे, घरच्यापेक्षा वेगवान हिरवळीवर सुवर्ण इतके जवळ येऊन निसटल्यावर अनेकांनी निवृत्तीचा विचार केला असता. पुढच्या चार वर्षांत त्यांनी स्वतःला पुन्हा निवड होईल अशा स्थितीत ठेवले आणि दिल्लीत त्याच पद्धतीने, पुन्हा ऑस्ट्रेलियाच्याच खेळाडूविरुद्ध, अंतिम सामना जिंकला. दिल्लीच्या विजयाकडे मी मेलबर्नचा पुढचा भाग म्हणून पाहतो.

इनडोअरबद्दल मी मूळ लेखात फार त्रोटक लिहिले होते. जागतिक इनडोअर स्पर्धा इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉर्फकमधल्या हॉप्टन-ऑन-सी इथे होते. तिथे वारा नाही, दव नाही, गालिचा सकाळी आणि संध्याकाळी जवळपास सारखाच वागतो. हवामानाचे कारण पुढे करायला वाव नसतो, शिवाय दूरचित्रवाणीचे कॅमेरे अगदी जवळ असतात. २००० साली वील तिथे विजेते झाले. त्यांच्याआधी वेल्सच्या टेरी सलिव्हन यांनी १९८५ साली आणि जॉन प्राइस यांनी १९९० साली हे विजेतेपद मिळवले होते. त्याच सुमारास स्कॉटलंडचे ॲलेक्स मार्शल आणि पॉल फॉस्टर या स्पर्धेवर पकड बसवत होते. १९९८ आणि १९९९ ची विजेतेपदे त्या दोघांचीच आहेत, २००१ चे पुन्हा फॉस्टरचे. त्या रांगेत मधल्या वर्षी वील यांचे नाव दिसते.


केतकी_कार्डिफ

वेल्सचा उल्लेख आला आहे तर इथल्या खेळाची पार्श्वभूमीही सांगायला हवी, नाहीतर वील आकाशातून पडले असे वाटेल.

दक्षिण वेल्समधल्या कोळशाच्या खोऱ्यांत हा खेळ कामगारांनी जोपासला. १९२० च्या कायद्याने खाणकामगार कल्याण निधी सुरू झाला. खणून काढलेल्या प्रत्येक टन कोळशामागे मालकांकडून एक पेनी त्यात जमा होत असे. त्या पैशातून खाणींच्या गावांत बागा, पोहण्याचे तलाव, सभागृहे आणि बोल्सच्या हिरवळी उभ्या राहिल्या. दिवसभर जमिनीखाली अंधारात वाकून काम केलेल्या माणसांना उघड्या आकाशाखालचा, सावकाश चालीचा, सोबत्यांशी बोलत खेळायचा हा खेळ प्रिय झाला, यात नवल नाही. १९७२ साली इंग्लंडमधल्या वर्दिंगला जागतिक एकेरी जिंकणारे मॉल्ड्विन एव्हन्स हे ऱ्होंडा खोऱ्यातले होते. वील यांचा मुलूख वेगळा : तिथे खाणी नाहीत, टेकड्या आणि कुरणे आहेत. उत्तर वेल्समध्ये तर ग्रीन सपाटही नसते, मध्यभागी उंचवटा असलेल्या हिरवळीवरचा निराळाच खेळ तिथे चालतो. एवढ्याशा देशात या खेळाचे इतके प्रकार आहेत.

आणि महिलांना विसरून चालणार नाही. राष्ट्रकुल स्पर्धेत महिलांना या खेळात प्रवेश मिळाला तो १९८२ साली, ब्रिस्बेनला. अवघ्या चार वर्षांनी, वील यांची चौकडी एडिंबरोत जिंकली त्याच स्पर्धेत, वेल्सच्या महिलांच्या चौकडीनेही सुवर्ण जिंकले. दोन वर्षांनंतर, १९८८ साली, वेल्सच्याच जॅनेट ॲकलंड ऑकलंडला जागतिक एकेरी विजेत्या झाल्या. तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या. म्हणजे वयाचा मुद्दा निघालाच तर वील यांच्याआधी ॲकलंड यांचे नाव घ्यायला हवे. या स्त्रियांवर स्वतंत्र धागा काढायची माझी इच्छा आहे.


मृणाल_दे

केतकी, तो धागा जरूर काढा. मला इथे दिल्लीचा आणखी एक दुवा जोडायचा आहे. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या स्पर्धेत भारताच्या महिलांच्या चौकडीने सुवर्ण जिंकले, तेव्हा सगळ्यांनी ते अचानक घडल्यासारखे पाहिले. लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा रानी तिर्की यांनी उपांत्य सामन्यात न्यूझीलंडला १६-१३ आणि अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १७-१० असे हरवले. या खेळात भारताला राष्ट्रकुल स्पर्धेत मिळालेले ते पहिले पदक आणि तेही थेट सुवर्ण. त्याच स्पर्धेत पुरुषांच्या चौकडीला रौप्य मिळाले.

या चौघींची ओळख या खेळाशी दिल्लीच्या स्पर्धेच्या आसपासच्या वर्षांत झाली. पिंकी ज्या शाळेत क्रीडाशिक्षिका होत्या तिथेच सरावासाठी हिरवळ तयार झाली होती. नयनमोनी आधी भारोत्तोलन करत होत्या, रूपा रानी कबड्डी खेळत होत्या. वील ज्या स्पर्धेत जिंकले तिच्यासाठी आखलेली हिरवळ आणि त्या काळात आपल्याकडे आलेले ज्ञान, यांतून बारा वर्षांनी हे फळ आले. कबड्डीतून आलेली खेळाडू स्किप म्हणून संघ चालवते, हे वाचून मला त्या दुपारची शांतता आठवली.


शिशिर_रा

मृणाल, हा दुवा मला सुचला नव्हता, आभारी आहे. विदुलाताईंची हरळी आणि तुमच्या चौघीजणी, दोन्ही गोष्टी मूळ लेखात असायला हव्या होत्या.

केतकीताई, एक विचारायचे आहे. वील यांच्यानंतर वेल्सच्या पुरुषांचे काय झाले? परंपरा टिकली का?


केतकी_कार्डिफ

टिकली, आणि जोड्यांच्या खेळात ती विशेष फुलली. २०१८ साली गोल्ड कोस्टला डॅनियल सॅमन आणि मार्क वायट यांनी पुरुष जोडीचे सुवर्ण जिंकले, तेही अंतिम सामन्यात स्कॉटलंडच्या मार्शल आणि फॉस्टर यांना हरवून. म्हणजे वर तुम्ही ज्यांचा उल्लेख केलात तेच दोघे. २०२२ साली सॅमनने जॅरड ब्रीनच्या साथीने ते सुवर्ण राखले. बर्मिंगहॅमच्या स्पर्धेचे हे सामने प्रत्यक्षात रॉयल लेमिंग्टन स्पामधल्या व्हिक्टोरिया पार्कच्या हिरवळींवर झाले. आपल्या चौघीजणी त्याच बागेत जिंकल्या.

आमचा मैदानी हंगाम एप्रिलच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि सप्टेंबरपर्यंत चालतो. वेल्सचे राष्ट्रीय अंतिम सामने लान्द्रिन्दोद वेल्स या गावी होतात. (हे 'वेल्स' म्हणजे झरे, देशाच्या नावाशी त्याचा संबंध नाही.) तिथून प्रेस्टीन साधारण तीस किलोमीटरवर आहे. यंदा मी सामने पाहायला जाणार आहे आणि परतताना प्रेस्टीनची हिरवळ पाहून येईन. क्लबाने परवानगी दिली तर छायाचित्रे इथेच टाकते. विदुलाताई, गवत जवळून दिसेल असेही एक छायाचित्र घेईन, म्हणजे ते बेंट आहे की फेस्क्यू हे तुम्हीच सांगा.